ऑगस्टच्या उन्हातले उराकामी

वसईच्या ख्रिस्ती घरांत नागासाकी हे नाव अणुबाँबच्या आधीपासून परिचित आहे. जगाला हे शहर ९ ऑगस्ट १९४५ या दिवसाने ओळखीचे झाले. आम्हा वसईकरांना ते ५ फेब्रुवारी १५९७ या दिवसाने ओळखीचे आहे. फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सिया यांचा सण आला की प्रवचनातून निशिझाकाची टेकडी उभी राहते, तिच्यावरचे सव्वीस क्रूस उभे राहतात, आणि सण संपला की ते शहर पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा मिटून जाते. या दोन तारखांच्या मध्ये जवळजवळ साडेतीनशे वर्षे आहेत. त्या काळात तिथे श्रद्धावंत कसे जगले, याची आपल्याकडे फारशी वाच्यता होत नाही. निशिझाकापासून उत्तरेला सुमारे तीन किलोमीटरांवर उराकामीचे खोरे आहे. ही कहाणी त्या खोऱ्याची आहे.

नागासाकीला आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा फेब्रुवारीत, आपल्या संताच्या ओढीने. नंतर काही वर्षांनी ऑगस्टमध्ये. फेब्रुवारीतले शहर यात्रेकरूला सोपे वाटते. समुद्रावरून गार वारा येतो, टेकडीवर १९६२ साली उभारलेले शिल्पकार फुनाकोशी यांचे स्मारक दिसते, ब्राँझच्या सव्वीस आकृती पाय अधांतरी सोडून जणू वर उचलल्या जात आहेत असा भास होतो. वसईत पोर्तुगीज पिता आणि इथली माता यांच्या पोटी जन्मलेला, येशूसंघीयांच्या हाताखाली वाढलेला, जपानी भाषा अवगत करून घेतलेला, व्यापारात पडलेला आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झालेला हा आपला माणूस १५९३ साली दुभाष्या म्हणून हुकूमशहा हिदेयोशीपुढे उभा राहिला. १५९६ च्या अखेरीस त्याला अटक झाली, क्योतो शहरात सर्वांच्या डाव्या कानाचा लचका तोडण्यात आला, आणि भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला आणले गेले. सव्वीस जणांत वीस जपानी होते. १८६२ साली नवव्या पायस पोपमहोदयांनी या साऱ्यांना संतपद दिले. हा इतिहास आपल्या वाचकांना मुखोद्गत आहे, म्हणून इथे अधिक विस्तार करीत नाही.

एक गंमत मात्र नोंदवतो. नागासाकीच्या बेकरीत पावाला ‘पान’ म्हणतात. पोर्तुगिजांच्या एकाच शब्दाचा आपल्या किनाऱ्यावर पाव झाला आणि त्यांच्या किनाऱ्यावर पान. आपला पाद्री तिथे ‘बातेरेन’ झाला. जहाजे एकच, वारा एकच. फक्त उतरण्याचे बंदर वेगळे.

ऑगस्टमधले नागासाकी मात्र निराळेच. आपल्याकडे ऑगस्ट म्हणजे पाऊस आणि न वाळणारे कपडे. तिथे पावसाळा साधारण जुलैच्या मध्याला संपतो आणि मग सूर्य तळपू लागतो. पारा बत्तीस-तेहतीस अंशांवर जातो. आपण वैशाखात याहून अधिक सोसतो खरे. पण शहर टेकड्यांच्या कुशीत बसलेले, बाजूला उपसागर, त्यामुळे हवा हलत नाही आणि अंगाला घाम चिकटून राहतो. झाडांवरचे सिकाडा नावाचे किडे पहाटेपासून असा कर्कश गजर करतात की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. म्हाताऱ्या बायका छत्र्या घेऊन, मानेला ओला रुमाल बांधून चढण चढत असतात. ट्राममधून उतरून उराकामीच्या चर्चकडे जाणारा चढ फार मोठा नाही, पण आम्ही तो दोन ठिकाणी सावलीला थांबून चढलो. उराकामीच्या इतिहासातील कितीतरी तारखा याच दिवसांतल्या आहेत, हे त्या चढणीवर आम्हांला प्रथम नीट जाणवले.

संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले ते १५ ऑगस्ट १५४९ रोजी, पवित्र मरीयेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी. १५७१ साली नागासाकीचे बंदर पोर्तुगीज जहाजांना खुले झाले, आणि १५८४ साली उराकामी गाव तिथल्या ख्रिस्ती सरदाराने येशूसंघाला दिले. शेते, ओढा, टेकडीच्या उतारावरच्या झोपड्या. एवढेच ते गाव. १६१४ साली देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरूंना हाकलले गेले, जे लपून राहिले ते पुढच्या तीस वर्षांत पकडून मारले गेले. जपानात एकही धर्मगुरू उरला नाही. तेव्हापासून दोनशे वर्षांहून अधिक काळ उराकामीच्या शेतकऱ्यांनी काय केले, हा आमच्या मते ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक थोर अध्याय आहे. त्यात चमत्कार नाही. निव्वळ नेटकी व्यवस्था आहे.

गावाने आपसांत कामे वाटून घेतली. एक प्रमुख असे, त्याच्याकडे सणवारांची वही. तिला ‘चोकाता’ म्हणजे वहीवाला सांभाळी. दुसरा ‘मिझुकाता’, म्हणजे पाण्याचा माणूस. तो बालकांना स्नानसंस्कार देई. तिसरा निरोप्या, कोणता सण कोणत्या दिवशी, उपवास कधी, हे तो घरोघर कानात सांगून येई. मिस्सा नाही, ख्रिस्तशरीर नाही, पापांची क्षमा देणारा कुणी नाही. तेव्हा त्यांनी पूर्ण पश्चात्तापाची प्रार्थना धरून ठेवली. दरवर्षी नववर्षाच्या सुमारास गावच्या पाटलाच्या अंगणात साऱ्यांना बोलावले जाई आणि ख्रिस्ताच्या वा मरीयामातेच्या प्रतिमेवर पाय ठेवून चालावे लागे. बहुतेकांनी तो ठेवला. घरी येऊन दार लावून त्यांनी पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. निशिझाकाच्या हुतात्म्यांनी एकदाच मृत्यू पत्करला. यांनी दरवर्षी लाज पत्करली. कुणी श्रेष्ठ, कुणी कनिष्ठ, असा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण त्या लाजेतूनच पुढची पिढी श्रद्धेसह जन्माला आली, हेही विसरता येत नाही.

घरात मरीयेची मूर्ती ठेवणे शक्य नव्हते, म्हणून काही ठिकाणी बाळाला घेतलेल्या कान्नोन देवीच्या मूर्तीपुढे प्रार्थना होत असे. कान्नोन म्हणजे बौद्धांचा अवलोकितेश्वर. त्याच अवलोकितेश्वराची शिल्पे बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत आहेत; वसईची खाडी ओलांडली की काही कोसांवर. आपल्याच परिसरातून निघालेली एक करुणामूर्ती चीनमार्गे जपानात पोहोचली आणि तिच्या आडोशाला ‘नमो मरिया’ म्हटली गेली. इतिहासाच्या वाटा कुठून कुठे जातात!

लपलेल्यांत एक परंपरा होती की सात पिढ्यांनंतर धर्मगुरू परत येतील. १८६५ च्या आरंभी नागासाकीच्या दक्षिण भागात, परदेशी व्यापाऱ्यांसाठी, ओउरा येथे चर्च उघडले आणि ते त्याच सव्वीस हुतात्म्यांना समर्पित केले गेले. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी सुमारे पंधरा माणसे दाराशी आली. फ्रेंच धर्मगुरू पेतीजाँ यांनी त्यांना आत घेतले. तेव्हा एका स्त्रीने त्यांच्या जवळ येऊन हलक्या आवाजात सांगितले की आमचे अंतःकरण आणि तुमचे अंतःकरण एकच आहे. आणि मग विचारले, मरीयेची मूर्ती कुठे आहे? ते उराकामीचे लोक होते. त्यांनी असेही सांगितले की आम्ही सध्या शोककाळाच्या सतराव्या दिवसात आहोत. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. वाचकांनी बोटांवर मोजून पाहावे. अडीचशे वर्षे धर्मगुरूशिवाय, छापील दिनदर्शिकेशिवाय, त्यांचा एक दिवसही चुकला नव्हता.

या भेटीचा आनंद दोन वर्षे टिकला. मयतीचा विधी बौद्ध मठाकडूनच झाला पाहिजे असा कायदा होता. उराकामीकरांनी आता तो उघडपणे नाकारला. १८६७ च्या जुलैत एका रात्री धाड पडली आणि अडुसष्ट जणांना धरून नेण्यात आले. या अटकेसाठी शेजारच्याच अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील माणसांना राबवण्यात आले. एका पिळलेल्या समाजाला दुसऱ्यावर सोडण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही. दोन्ही वस्त्यांमधला दुरावा पिढ्यान् पिढ्या टिकला, आणि १९४५ साली दोन्ही एकाच क्षणी जळाल्या.

मेईजी सरकार सत्तेवर आले, पण बंदी उठली नाही. १८६८ ते १८७० या काळात उराकामीचे तेहतीसशेहून अधिक ख्रिस्ती, तान्ह्या मुलांसह, पश्चिम जपानातल्या निरनिराळ्या संस्थानांत विखरून हद्दपार केले गेले. संपूर्ण गाव! त्सुवानो येथे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यात उतरवणे, उभेही राहता येऊ नये अशा पेटीत कोंडणे, असे प्रकार झाले. सहाशेहून अधिक माणसे परत आली नाहीत. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या दडपणामुळे १८७३ साली बंदीचे फलक उतरले आणि उरलेले लोक घरी आले. आपल्या हद्दपारीला ते ‘ताबी’, म्हणजे प्रवास म्हणत. एवढाच शब्द. आम्हांला त्या शब्दापुढे मोठमोठी वर्णने फिकी वाटतात.

घरे कोसळलेली, शेतांत रान माजलेले. दुसऱ्याच वर्षी, १८७४ च्या उन्हाळ्यात, गावात आमांशाची साथ आली. फादर द रोत्स औषधांची पेटी घेऊन रोज येत, आणि हद्दपारीतून परतलेल्या इवानागा माकी आणि तिच्या मैत्रिणी रोग्यांची सेवा करीत. साथीत पोरकी झालेली बालके त्यांनी सांभाळली. त्यांतून अनाथालय आणि पुढे व्रतस्थ भगिनींचा संघ उभा राहिला. मग १८८० साली उराकामीकरांनी एक जमीन विकत घेतली. कोणती? पाटलाच्या वाड्याची. ज्या अंगणात त्यांनी आणि त्यांच्या आईबापांनी प्रतिमेवर पाय ठेवले होते तीच. १८९५ मध्ये त्या जागी चर्चचे काम सुरू झाले. गरीब शेतकऱ्यांच्या पैपैशातून आणि श्रमांतून ते १९१४ साली पुरे झाले. जोड मनोरे १९२५ मध्ये. विटांचे ते चर्च पूर्व आशियातील सर्वांत मोठ्या चर्चांपैकी एक गणले जाई. मनोऱ्यांत दोन घंटा होत्या.

९ ऑगस्ट १९४५ ची सकाळ. बाँबचे पहिले लक्ष्य कोकुरा शहर होते. ते ढगाधुराने झाकले होते म्हणून विमान नागासाकीवर आले. ११ वाजून २ मिनिटांनी उराकामीवर, जमिनीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर स्फोट झाला. चर्च त्या बिंदूपासून अवघ्या पाचशे मीटरांवर होते. आत दोन धर्मगुरू पापनिवेदन ऐकत होते, कारण १५ ऑगस्टच्या सणाची तयारी चालू होती; ते आणि रांगेतले सारे भाविक तिथेच गेले. उराकामीच्या सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास मृत्यू पावले. मधल्या टेकड्यांनी जुने शहर बरेचसे वाचवले. याच कारणाने काही शहरवासी म्हणू लागले की परकीय धर्म पाळणाऱ्यांना ही दैवी शिक्षा झाली. वर्षअखेरपर्यंत नागासाकीत सुमारे ७४,००० माणसे मेली. भाजलेल्या माणसांची शेवटची मागणी पाण्याची होती. आज शांतिउद्यानाच्या दाराशी १९६९ साली बांधलेले कारंजे आहे, ते त्या तहानेसाठी. ऑगस्टच्या दुपारी त्या कारंज्यापाशी उभे राहिल्यावर, ते थंडीत पाहणे आणि आता पाहणे यांत केवढे अंतर आहे ते कळते.

यानंतर डॉ. नागाई ताकाशी यांच्याविषयी लिहिलेच पाहिजे. क्ष-किरण विभागाचे हे डॉक्टर उराकामीच्या मोरियामा कुटुंबात भाडेकरू म्हणून राहिले. हे घर पूर्वीच्या वहीवाल्यांच्या वंशातले. त्या घरातली कन्या मिदोरी त्यांची पत्नी झाली. १९३४ साली त्यांचा स्नानसंस्कार झाला. बाँबपूर्वीच त्यांना रक्ताचा कर्करोग जडला होता. स्फोटानंतर जखमी अवस्थेत त्यांनी रुग्णसेवा केली आणि दोन दिवसांनी घरी जाऊन पाहिले, तर राखेत मिदोरीची हाडे आणि जवळ जपमाळ. २३ नोव्हेंबर १९४५ रोजी पडक्या चर्चपुढे मृतांसाठी मिस्सा झाली. तिथे नागाई बोलले. युद्धाचा शेवट आणि उराकामीचा विनाश यांत काही गूढ संबंध नाही का, असा त्यांचा प्रश्न होता. निष्कलंक कोकराप्रमाणे उराकामी वेदीवर अर्पिले गेले, हे त्यांचे म्हणणे होते. पुढे दोन चटयांच्या खोपट्यात अंथरुणाला खिळून त्यांनी पुस्तके लिहिली आणि १ मे १९५१ रोजी ते वारले.

या भाषणावर जपानात पुढे कडक टीका झाली. टीकाकार म्हणतात की बाँबला ईश्वरी योजना म्हटल्याने तो टाकणारे आणि युद्ध पुकारणारे दोघेही मोकळे सुटतात. हा आक्षेप क्षुल्लक नाही. बाँबवाल्या विमानांच्या तळावर कॅथलिक चॅप्लेन फादर जॉर्ज झाबेल्का होते. त्यांनी पुढे आपल्या मौनाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. म्हणजे ख्रिस्तसभेची लेकरे विमानतळावरही होती आणि पापनिवेदनाच्या रांगेतही. पोप दुसरे जॉन पॉल फेब्रुवारी १९८१ मध्ये हिरोशिमात उभे राहून म्हणाले ते हेच, की युद्ध हे माणसाचे कृत्य आहे. देवावर ते ढकलता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ते नागासाकीत होते.

तरीही नागाईंना दोषी ठरवायला आमचे मन धजत नाही. ते कुणापुढे बोलत होते हे पाहावे. युद्धावरून परतलेला एक तरुण सैनिक त्यांच्याकडे आला होता. त्याची बायको आणि मुले गेली होती, आणि लोक त्याला सांगत होते की तुमच्या पापाची ही शिक्षा. त्या माणसाला नागाईंनी ‘शिक्षा’ या शब्दाऐवजी ‘अर्पण’ हा शब्द दिला. ज्याची पत्नी जळाली त्याने ज्यांची लेकरे जळाली त्यांना दिलेला तो शब्द होता. तो त्यांच्या तोंडी शोभतो. आपण, दूरच्या देशातील, पंख्याखाली बसून तो वापरू लागलो तर ते पाप ठरेल. आपल्याकडच्या प्रवचनांतून कधी कधी उराकामीला सहजपणे सव्वीस हुतात्म्यांच्या पंक्तीत बसवले जाते, ते आम्हांला म्हणूनच पटत नाही. गोन्सालोला विचारले गेले होते. श्रद्धा सोडून जीव वाचवण्याची वाट त्या सव्विसांतल्या बारा वर्षांच्या लुदोविकोपुढेही ठेवली गेली होती. रांगेत उभ्या असलेल्या त्या बायकांना कुणीही काही विचारले नव्हते.

भग्न चर्चचे काय करावे, यावरही वाद झाला. नगरपरिषदेला अवशेष जपून ठेवावेत असे वाटत होते, हिरोशिमाच्या घुमटासारखे. पण धर्मपीठाने त्याच जागी नवे चर्च उभारण्याचा आग्रह धरला. १९५८ साली अवशेष हटले, १९५९ मध्ये नवी इमारत झाली. भिंतीचा एक भाग स्फोटबिंदूच्या उद्यानात नेऊन उभा केला आहे. शांततेच्या चळवळीतील अनेकांना आजही याची हळहळ वाटते, आणि ती आम्हांला समजते. पण ती जागा म्हणजे पाटलाचे अंगण होते. जिथे वर्षानुवर्षे पाय ठेवावे लागले तिथेच गुडघे टेकायचे, हे उराकामीकरांनी १८८० साली ठरवले होते. ते स्मारकासाठी कसे सोडणार? आमचा कौल त्यांच्या बाजूने.

दोन घंटांपैकी मोठी ढिगाऱ्यात शाबूत सापडली आणि १९४५ च्या नाताळात वाजली. लहान फुटली, तिचा मनोरा ऐंशी वर्षे मुका राहिला. अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा पाठवली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी दोन्ही मनोऱ्यांतून एकत्र नाद झाला. वेदीवरील लाकडी मरीयामूर्तीचे जळके मस्तक एका ट्रापिस्ट धर्मगुरूने १९४५ च्या शरदात राखेतून उचलून होक्काइदोच्या मठात नेले होते. ते १९७५ साली उराकामीला परतले. डोळ्यांच्या जागी आता दोन काळ्या खोबण्या आहेत.

दरवर्षी ९ ऑगस्टच्या सकाळी शांतिउद्यानातील समारंभात मृतांना पाणी अर्पण केले जाते. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, चर्चमध्ये मिस्सा होते आणि मग भाविक पलिते हाती घेऊन, ते मस्तक पुढे ठेवून, उतारावरून शांतिउद्यानाकडे चालत जातात. आठवडाभराने, १५ ऑगस्टच्या रात्री, शहरातील बौद्ध कुटुंबे आपल्या मृतांसाठी सजवलेल्या नौका फटाक्यांच्या कडकडाटात रस्त्यांवरून ओढत नेतात. त्याच दिवशी सकाळी उराकामीत स्वर्गोन्नयनाच्या सणाची मिस्सा झालेली असते.